धुरेकऱ्याचा चहा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यात तिचा अर्थ असा घेतात, की ऋषी आणि नदी सोडून बाकी सगळ्यांचं कूळमूळ खोदून खोदून विचारावं. माझा तर तो धंदाच आहे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि चहा, कॉफी, कोको ही रोजची पेयं मूळची कुठून आली, हा धडा दरवर्षी घेते. चहा म्हणजे एक सदाहरित झुडूप, छाटलं नाही तर चांगलं झाडाएवढं वाढणारं. कॉफी म्हणजे एका लाल फळातली बी. ती फळं खाऊन बकऱ्या नाचायला लागल्या आणि त्यांना पाहून माणसाला अक्कल आली, असं सांगतात. पोरं तेवढ्यापुरती हसतात आणि तास संपला की कँटीनकडे पळतात.

या धड्यातली एक गोष्ट मला फार आवडते. चहा-कॉफी घेतल्यावर जी तरतरी येते, ती आणणारं द्रव्य झाडानं आपल्यासाठी बनवलेलं नाही. पानाला कीड लागू नये म्हणून झाडानं ते तयार केलं. कोणी जवळ येऊ नये, याची ती सोय. झाडाची ही युक्ती आमच्या गावानं पुढे कुठवर नेली ते अभ्यासक्रमात नाही, म्हणून इथं सांगते.

आमचं गाव अनसिंगपासून जवळ. बाबांचं थोडंसं शेत आहे आणि शेतातच बांधलेल्या दोन खोल्या. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि ज्याच्याशी आपला धुरा सामायिक असतो तो धुरेकरी. सोयरे निवडता येतात, धुरेकरी निवडता येत नाही. आमचे धुरेकरी गावातल्या मोठ्या शेतकरी घरातले. ते आणि बाबा शाळेत एकाच वर्गात होते, एकाच मास्तरांच्या छडीचा मार खाल्लेले. तरी बाबा त्यांना ‘भाऊ, तुमी’ म्हणतात आणि ते बाबांना ‘गड्या, तू’. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, दोघांनाही सांगता येणार नाही.

माणूस वाईट म्हणावा, तर तसंही नाही. बाबांना शेतात विंचू चावला तेव्हा यांनीच जीपमध्ये घालून वाशीमला नेलं आणि सलाईन संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. पेरणीला यांचाच ट्रॅक्टर येतो. रोज सकाळी धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली दोघं बसून सोयाबीनपासून सुनांपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढतात. फक्त आमच्या घरचं काही ते तोंडात घालत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत. कारण एवढंच, आणि हे एक सोडून बाकी सगळी कारणं ते सांगतात.

बाबांनी मात्र त्यांच्याकडचा चहा जन्मभर घेतला. त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात बाबांसाठी एक बिनकानाचा कप असायचा. बाबांनी तो काढायचा, विसळायचा, चहा ओतेपर्यंत हातात धरून उभं राहायचं, पिऊन झाल्यावर पुन्हा विसळून कोनाड्यात ठेवायचा. कान नसल्यामुळे बोटं भाजायची, म्हणून बाबा तो धोतराच्या सोग्यात धरायचे. पुढे जमाना बदलला, कोनाड्यातला कप गेला आणि कागदी कप आला. स्वच्छतेसाठी, असं धुरेकरी म्हणाले. त्यांच्या घरी वापरून फेकायचे कप कुणाकुणाला मिळतात आणि चिनी मातीचे कुणाला, याचं एखादं वर्गीकरण मी सहज करून देऊ शकेन. कॉलेजात नाहीतरी दुसरं काय करते?

गंमत म्हणजे अनसिंगच्या बसथांब्यावर ही सगळी विद्या गळून पडते. तिथल्या टपरीवर धुरेकऱ्यांचा ग्लास आणि बाबांचा ग्लास एकाच बादलीत बुचकळला जातो. कोणत्या ग्लासातून आधी कोण प्यायलं ते टपरीवाल्यालाही ठाऊक नसतं. तिथं धुरेकरी फुर्र फुर्र करून चहा ओढतात, दुसऱ्यांदाही मागवतात. तेच बाबांसोबत परत येतात, आमच्या अंगणापाशी पोचतात आणि त्यांना अॅसिडिटी होते.

बाबांनी शेतात खोल्या बांधल्या तेव्हा पाया कुठं घ्यायचा ते धुरेकऱ्यांनीच दाखवलं होतं. म्हणून घर पुरं झाल्यावर बाबांनी मंगरूळपीरच्या बाजारातून निळ्या काठाचे सहा कप आणले, बशांसकट. पहिला चहा भाऊंना, असं ठरवून. धुरेकरी आले, नारळ आणला, फरशीवर हात फिरवून पाहिला, “बेस झालं गड्या,” म्हणाले. आईनं चहा पुढे केला तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले, “आज लय अॅसिडिटी हाय वहिनी.” आणि गेले. बाबांनी कप धुऊन पुसून कपाटात ठेवून दिले. कुणालाही त्यात चहा द्यायचा नाही, अशी ताकीद.

आई म्हणाली, “कप पेवाले आनले का राखन कराले?”

तेव्हा बाबा जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाले, “त्याच्या गोठ्यात मी जलमभर चाय पेलो. त्यानं एक डाव माह्या घरी प्यावा. मंग आमी दोस्त होतो, असं मले म्हनता येईन.” बाबांना दुसरं काहीच नको होतं. सत्तरीला टेकलेला माणूस, सगळं आयुष्य ज्याच्या शेजारी काढलं तो आपला दोस्त आहे की नुसता धुरेकरी, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं.

आणि मग धुरेकरी निसर्गाकडे वळले. त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी पहाटेपासून व्हिडिओ पाठवायला लागलं. महिनाभरात त्यांना मैदा कळला, साखर कळली, आणि एका सकाळी लिंबाखाली त्यांनी जाहीर केलं, “चाय म्हनजे निव्वळ जहर हाय गड्या. इंग्रजानं लावलेली सवय. मी सोडून देल्ली. आपल्या मातीत निसर्गानं जे देल्लं, तेच प्यावं मानसानं.”

दुसरा कोणी असता तर एक कटकट गेली म्हणून मोकळा झाला असता. बाबांना आनंद झाला. त्यांनी मला फोन केला. “बाई, आता जमते आपलं. अडचन चायचीच होती पाह्य. तू त्यातली शिकेल आहेस. चाय सोडून लोकं काय काय पेतात, ते सांग मले.”

मागून आईचा आवाज आला, “काही नाई जमत. त्याइले चाय नाई, आपलं घर कडू लागते.”

आई चौथी शिकलेली, मी पीएच.डी. तरी मी बाबांच्या बाजूनं गेले. बापाला उल्हास आला असताना त्याच्यावर पाणी ओतायला मन होईना. शिवाय अशा लोकांची मला सवय होती. आमच्या स्टाफरूममधल्या एक बाई माझ्या फ्लॅटवर आल्या की म्हणायच्या, “मी फक्त ग्रीन टी घेते.” मी ग्रीन टी आणून ठेवला, तर म्हणाल्या, “आमचा वेगळ्या कंपनीचा असतो.” हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानाचा होतो, हे त्याही शिकवतात.

तर पहिली वेळ गवती चहाची. मी कॉलेजच्या बागेतून ठोंब नेऊन दिले आणि बाबांनी ते धुऱ्यालगत, विहिरीच्या पाटाच्या कडेला लावले. बेट असं फोफावलं की वारा आला की धुरेकऱ्यांच्या शेतापर्यंत वास जायचा. थंडी पडल्यावर बाबांनी पात कापली, उकळून गाळून, गूळ घालून, निळ्या काठाच्या कपातून लिंबाखाली नेली. धुरेकऱ्यांनी वास घेतला, मान डोलावली. “बेस वास हाय. पन मले उष्ण पडते.”

मग लाल अंबाडी. तिच्या बोंडांच्या पाकळ्या भिजवून केलेलं सरबत रंगानं इतकं देखणं होतं की आईनंही दोन पेले घेतले. धुरेकरी म्हणाले, “आंबटानं माहे सांधे धरतात गड्या.”

बाबा हटले नाहीत. मीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, की तरोट्याच्या बिया भाजून कुटल्या तर कॉफीसारखं होतं. तरोटा म्हणजे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेनं, पडीक रानात माजणारं तण, त्याला कोणी विचारत नाही. बाबांनी शेंगा वेचल्या, उन्हात वाळवल्या, बिया काढून तव्यावर काळ्या होईतो भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या. घरभर धूर. आई पदर नाकाला लावून म्हणाली, “आता गाजरगवताचं सरबत करा. तेबी निसर्गानंच देल्लं.” कॉफी खरंच बरी झाली होती. थोडी करपट, पण बरी. धुरेकऱ्यांनी कपात पाहिलं, कशाची ते विचारलं आणि खदाखदा हसले. “अबे, हे तं तन हाय! आपन निंदून फेकतो हे!”

“निसर्गानंच देल्लं भाऊ,” बाबा म्हणाले. “कोनी पेरलंबी नाई.”

धुरेकरी उठले आणि बैल सुटला म्हणाले. बैल दोन वर्षांपूर्वीच विकला होता.

असं करत करत उन्हाळा आला. सुटी लागली म्हणून मी घरीच होते. त्या दिवशी लाइट गेलेली, धुरेकऱ्यांची मोटर बंद, आणि ते डोक्याला गमछा बांधून दुपारच्या उन्हात पाइप बदलत बसलेले. पाण्याची बाटली कधीच संपली होती, ती त्यांनी दोनदा उलटी करून पाहिली, हे मी दारातून बघत होते. शेवटी येऊन लिंबाखाली बसले. ओठ पांढरे पडलेले. बाबा माठातला तांब्या भरून घेऊन गेले.

इथं एक सांगायला हवं. आमची आणि त्यांची विहीर खालून एकाच झिऱ्यावर आहे. ही गोष्ट मला भूगोलानं नाही, भांडणानं कळली. बाबांनी मोटर लावली की धुरेकरी धुऱ्यावर येऊन ओरडायचे, “तुही मोटर चालू झाली का माही इहीर बसते! पानी एकच हाय ना बे खालून!” हे त्यांनी माझ्या लहानपणापासून इतक्यांदा सिद्ध करून दाखवलंय की मी साक्ष देऊ शकेन. भांडणात पाणी एकच, तांब्यात मात्र वेगळं.

बाबांनी तांब्या पुढे केला. “भाऊ, पानी तरी घ्या.”

धुरेकऱ्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “तहान नाही गड्या,” म्हणाले. मग मोटरसायकल काढली आणि त्या उन्हात गावाकडे गेले. पाणी प्यायलाच गेले असणार, दुसरं कशाला जातील?

बाबा तांब्या घेऊन तसेच उभे होते. मग त्यांनी ते पाणी गवती चहाच्या बेटात ओतलं आणि घरात आले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “म्हनजे चायचा काही दोष नवता.” बोलायची एवढी चांगली संधी आईनं सोडून दिलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

मला राग आला. अजूनही येतो. धुरेकऱ्यांचा आला, आणि जरासा बाबांचाही. पण निळ्या काठाचे कप कपाटातून काढून, पोत्यात गुंडाळून बाबा फळीवर चढवत होते, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या हिवाळ्यात धुरेकऱ्यांकडे पुण्याहून व्याही-विहीण आले. नवं नातं. ओला हरभरा भाजून खायला शेतात येणार, म्हणून धुरेकऱ्यांनी आधी दोन दिवस धुरा साफ करून घेतला. आणि ज्या दिवशी पाहुणे येणार, त्या सकाळी हातात विळा घेऊन आमच्या अंगणात उभे. “गड्या, थोडी गवती चायची पात नेतो. पाहुन्याइले नैसर्गिकच लागते.”

बाबांनी मान हलवली. धुरेकऱ्यांनी पेंढीभर कापून नेली. मी रविवार म्हणून घरी होते, आणि मला वनस्पतिशास्त्रातला एक नवा शोध लागला. आमच्या धुऱ्यावर, आमच्या पाण्यावर, बाबांच्या हातानं लावलेली पात त्यांना चालते. ती त्यांच्या भांड्यात उकळली तर उष्ण पडत नाही. आमच्या भांड्यात उकळली की पडते. झाडाच्या पानाला जात नसते, ती चुलीवर चढल्यावर लागते.

पाहुण्यांनी धुऱ्यावरच्या लिंबाखाली तो चहा घेतला. विहीणबाई हौशी निघाल्या. “भाऊ, काय वास आहे हो! कुठे लावलाय?”

“आपल्या धुऱ्यालेच हाय,” धुरेकरी म्हणाले.

“चला ना, बघू या.” आणि बाई उठल्याच. सरळ धुरा ओलांडून बेटापर्यंत आल्या, तिथून अंगणात आल्या आणि आईनं टाकलेल्या बाजेवर बसल्या. मागून व्याही, आणि त्यांच्या मागून, पायात काटा मोडल्यासारखे, धुरेकरी. बाई आईला म्हणाल्या, “तुमचा आहे होय हा? मग तुमच्या हातचाच घ्यायला हवा.”

आईनं चहा मांडता मांडता मी काय शिकवते ते त्यांना सांगून टाकलं. बाबांनी फळीवरून पोतं काढलं, कप धुतले. ताटही स्वतःच धरलं. बाईंनी कप घेतला, व्याह्यांनी घेतला, पहिल्या घोटाला दोघांनी वाहवा केली. मग बाई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही नाही घेत? तुम्हीच तर म्हणालात, असंच नैसर्गिक प्यावं.”

धुरेकऱ्यांनी लिंबाकडे पाहिलं. लिंबानं काही मदत केली नाही. तासाभरापूर्वीच पाहुण्यांसमोर हेच पेय ते घटाघटा प्यायले होते, त्यामुळे अॅसिडिटीची, सांध्यांची, उष्णतेची, सगळ्यांचीच वाट बंद होती. त्यांचा हात पुढे आला. चेहरा असा, जसा काढा प्यावा लागलेल्या पोराचा असतो. बोटं कपाच्या कानाला लागली. आई चुलीपासून उठून दारात आली होती. जन्मभर जे व्हायचं राहिलं होतं ते आता होणार होतं.

बाबांनी ताट मागे घेतलं.

“राहू द्या भाऊ,” ते अगदी मायेनं म्हणाले. “तुमाले उष्ण पडते.”

आणि तो कप उचलून त्यांनी स्वतः तोंडाला लावला. उभ्यानं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. धुरेकऱ्यांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला, मग त्यांनी तो मिशीवर नेला. बाई माझ्याकडे वळल्या, “अगंबाई, उष्ण असतो का हो हा? तुम्ही शिकवता ना?”

“काही लोकांना पडतो,” मी म्हटलं. माझ्या विषयाचा एवढा सोयीचा उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं, “पेत होते ना ते! काहून मागे घेतला?”

“तोंड पाह्यलं का त्याचं?” बाबा म्हणाले. “पाहुन्याच्या धाकानं पेत होता. मले त्याले चाय पाजाचा होता, औषध नाई.” थोड्या वेळानं म्हणाले, “दोस्त नवता तो. जाऊ दे. धुरेकरी बरा हाय.” आणि ते उगीचच बाहेर जाऊन गवती चहाच्या बेटाला पाणी देत बसले.

तेव्हापासून ते कप रोजच्या वापरात आहेत. संध्याकाळी आई-बाबा अंगणात बसून त्यातच चहा पितात, साधा, दुधाचा, भरपूर साखरेचा, धुऱ्यावरून स्वच्छ दिसेल असा. धुरेकरी लिंबाखाली येतात. सोयाबीनच्या, सुनांच्या गप्पा पूर्वीसारख्याच चालतात. फक्त बाबा आता काही पुढे करत नाहीत, त्यामुळे धुरेकऱ्यांना कोणताच आजार उरलेला नाही. कधी कधी आईच्या हातातल्या कपाकडे ते जरा जास्त वेळ बघतात, असं मला वाटतं.

परवा घासताना त्यातल्या एका कपाचा कान तुटला. आईनं तो नेऊन उकिरड्यावर टाकला. धुऱ्यावरून धुरेकरी बघत होते.

“काहून फेकला वहिनी?” ते म्हणाले. “कानच तं गेला. अजून चालला असता ना.”

आई हात पुसत म्हणाली, “बिनकानाच्या कपात आमी कोनाले चाय देत नाई, भाऊ.”

धुरेकरी मोटर चालू करायला विहिरीकडे वळले.